केसांची लावणी आणि वर्षभराची वाट

माझा धाकटा भाऊ तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करायला गेला, तेव्हा मी सोबत होते. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. आत डॉक्टर भेटलेच नाहीत. लॅपटॉप घेऊन बसलेल्या समुपदेशक मुलीने त्याच्या डोक्याचे चार फोटो काढले, कपाळावर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली आणि वीस मिनिटांत सांगून टाकलं, "साडेचार हजार ग्राफ्ट्स लागतील सर. आज बुकिंग केलंत तर तीस टक्के सूट." (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेलं केसांचं बारीक जुडगं.) भाऊ कार्ड काढायच्या बेतात होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

पुढे चार वर्षांनी त्याने दुसरीकडे ट्रान्सप्लांट करून घेतलं आणि ते चांगलं झालं. मधल्या काळात मी जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारलं आणि त्याच्या उशाशी बसून जे पाहिलं, ते इथे मांडते आहे. या शस्त्रक्रियेबद्दल जाहिराती भरभरून बोलतात, आणि ज्यांनी ती करून घेतली ते संकोचाने गप्प बसतात. मग नवख्या माणसाला खरं कळणार कुठून?

नवे केस येत नाहीत

ट्रान्सप्लांटने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात, इतकंच. आम्ही कोकणातले, त्यामुळे मला हे भाताच्या लावणीवरून चटकन समजलं. एका कोपऱ्यात तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, दाट वाढलेला असतो, तो उपटायचा, मुठी बांधायच्या आणि खाचरात नेऊन अंतराअंतराने लावायचा. पण भाताचा तरवा कमी पडला तर शेजाऱ्याकडून आणता येतो. इथे दुसऱ्याचे केस चालत नाहीत, शरीर ते नाकारतं. जो तरवा आहे तो आपल्याच डोक्यामागे, आणि जिथून उपटला तिथे तो पुन्हा उगवत नाही.

मागचेच केस का? पुरुषांचं नेहमीचं टक्कल कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून मागे सरकतं आणि टाळूवर गोल पडतं. ते आनुवंशिक असतं, आईकडून किंवा वडिलांकडून, कुठूनही येतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. पुढच्या आणि टाळूवरच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही. केस गळून पुन्हा उगवण्याच्या दर फेरीला तिथला केस आणखी बारीक, आणखी आखूड होत जातो आणि शेवटी नुसती लव उरते. कानांच्या वर आणि डोक्यामागे जो पट्टा असतो, तिथल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आजोबांच्या डोक्याभोवती शेवटपर्यंत झालर टिकते ती याच कारणाने. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवलं, की मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाही, तिथेही टिकून राहतं. सगळं ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच असं रोपण करून लिहून ठेवलं होतं, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते बाहेरच्या जगापर्यंत पोहोचलं नाही.

मागची शिल्लक

आता थोडा हिशेब, कारण फसवणूक इथेच होते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. ते एकेकटे उगवत नाहीत, एक ते चार केसांच्या जुडग्यांनी उगवतात. असं एक जुडगं म्हणजे एक ग्राफ्ट. पुढून टाळूपर्यंत सगळं मोकळं झालेल्या डोक्याचं क्षेत्र साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतं. दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट्स धरले तर ८,००० हवेत. बहुतेकांच्या मागच्या पट्ट्यातून, मागची बाजू विरळ न दिसू देता, आयुष्यभरात मिळून साधारण ४,००० ते ६,००० निघतात. म्हणजे सगळं डोकं पूर्वीसारखं भरणं या हिशेबात बसतच नाही. चांगला डॉक्टर पुढचा भाग नीट झाकतो, टाळूवर हात आखडता घेतो आणि पुढच्या काळासाठी काही शिल्लक ठेवतो. "अनलिमिटेड ग्राफ्ट्स" असा फलक दिसला की मी तिथून उलट पावली फिरायला सांगते.

नैसर्गिक दाटीच्या निम्मी दाटी आली तरी डोकं भरलेलं वाटतं, हे आपलं भाग्य. जाताना तरी निम्मे केस गेल्याशिवाय कुठे लक्षात येतं?

तेविसाव्या वर्षी साडेचार हजार ग्राफ्ट्स म्हणजे जवळजवळ सगळी पुंजी एका दिवसात उडवणं. ट्रान्सप्लांट केलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. पस्तिशीत पुढे केसांची एक पट्टी, तिच्यामागे मोकळं मैदान आणि भरायला मागे काहीच शिल्लक नाही, अशी डोकी मी फोटोंत पाहिली आहेत. म्हणून विशीतल्या मुलांना बहुतेक जाणते डॉक्टर आधी औषधावर ठेवतात. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं, फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायची. अमेरिकेत ही गोळी केसांसाठी १९९७ मध्ये मंजूर झाली. ती डीएचटी कमी करते आणि गळती रोखते. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं किंवा मनःस्थिती खालावणं असे त्रास होतात, त्यामुळे ती डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच सुरू करावी. घरात कोणी गरोदर असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये. माझ्या भावाने ही औषधं चार वर्षं घेतली. गळती थांबली, कपाळाचे कोपरे मात्र भरले नाहीत. तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटला होकार दिला, आणि तोही २,२०० च्या आसपास ग्राफ्ट्सचा.

प्रत्येक केसगळतीला हा उपाय नाही. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते; अशा वेळी लावलेले केसही जाऊ शकतात. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस गळतात, ते बहुधा आपोआप परत येतात. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांची डोकी मोकळी झाली, तसल्या अचानक गळतीत कारण शोधायचं असतं. बायकांचे केस बऱ्याचदा पसरून विरळ होतात, कधी मागचा पट्टासुद्धा. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासावं.

करणार कोण?

मशीन कुठलं, सुई कुठली, नीलमण्याचं पातं आहे का, यावर जाहिरातींचा जोर असतो. मला त्यापेक्षा हात कोणाचे आहेत हे महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत स्पष्ट सूचना काढल्या. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ही शस्त्रक्रिया करावी, तंत्रज्ञ मदतीला असले तरी डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे शिकता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ, हे विचारून घ्या आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळून पाहा. विचारायला अवघड वाटतं, पण विचाराच: मूळ काढणार कोण, छिद्रं पाडणार कोण आणि तुम्ही स्वतः किती वेळ खोलीत असाल?

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट्स काढल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. २०२५ मध्ये कानपूरमध्ये ट्रान्सप्लांट करून घेतलेल्या दोन तरुण इंजिनिअरांच्या मृत्यूची बातमी आली, गुन्हा दाखल झाला ती व्यक्ती दंतवैद्य होती. शस्त्रक्रिया त्वचेपुरती असली तरी भुलीच्या औषधाला वजनानुसार मर्यादा असते आणि तीव्र ॲलर्जी कोणालाही येऊ शकते. तिथे ऑक्सिजन, ॲड्रिनॅलिन आणि ते वापरता येणारा माणूस हवाच.

खर्चाचं एकच सांगते. हा इलाज सौंदर्याचा धरला जातो, त्यामुळे आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही आणि वर जीएसटी लागतो. कोटेशन घेताना कर धरून आकडा विचारा.

तो दिवस

आधी रक्ताच्या तपासण्या होतात: साखर, रक्त गोठण्याचा वेळ, हेपटायटिस, एचआयव्ही. ईसीजीही काढतात. सिगारेट काही दिवस आधीपासून पूर्ण बंद, कारण ती त्वचेचा रक्तपुरवठा कमी करते. ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने थांबवायचं नाही, ज्यांनी लिहून दिलं त्यांना विचारायचं. सकाळी उपाशी जायचं नसतं. भाऊ पोहे खाऊन गेला, आणि डोक्यावरून काढावा लागू नये म्हणून बटणांचा शर्ट घालून.

मूळ काढायच्या दोन पद्धती आहेत. एकीत मागच्या बाजूने कातडीची पट्टी कापून टाके घालतात आणि त्या पट्टीतले ग्राफ्ट्स सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करतात. तिची एक रेघ कायमची राहते, केस वाढवले की झाकली जाते. दुसरी एफयूई, हल्ली बहुतेक ठिकाणी हीच करतात: एक मिलिमीटरपेक्षा बारीक पोकळ पात्याने एकेक जुडगं सुटं करून चिमट्याने ओढून काढायचं. "व्रणच राहत नाही" म्हणतात ते खरं नाही. ठिपक्याएवढे पांढरे व्रण राहतात, फार बारीक केस कापले तर दिसतात.

दुखतं ते भुलीची इंजेक्शनं देताना. पहिली पाच-दहा मिनिटं भावाने दात आवळून काढली. नंतर पालथं पडून चार तास, मध्ये जेवण, मग उताणं. मूळ निघताना फक्त कटकट असा आवाज आणि ओढल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला.

टोपी, मास्क, गाऊन चढवून मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. काचेच्या बशीत गार सलाइनमध्ये भिजलेल्या गॉजवर ग्राफ्ट्स दहा-दहाच्या रांगेत मांडून ठेवले होते. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला अर्ध्या सेंटिमीटरचं ओलसर, पारदर्शक, दुधी शरीर, वर काळ्या केसांची दोन-तीन टोकं आणि खाली फुगीर कंद. तांदळाच्या दाण्याहून बारीक. परिचारिका तो दोन बोटांनी नाही, चिमट्याने, आणि तोही कंदाच्या बाजूच्या चरबीला धरून उचलत होती. कंद चेपला किंवा वाळला तर मूळ मेलं. एकेरी केसांचे ग्राफ्ट्स वेगळ्या रांगेत होते. ते अगदी पुढच्या ओळीला, म्हणजे कपाळाची कड मऊ दिसते. दोन-तीन केसांचे त्यांच्यामागे. छिद्रांचा कोनही पुढे झुकता ठेवतात, खऱ्या केसांसारखा. साठ-सत्तरच्या दशकांत चार मिलिमीटरचे जाड पुंजके लावायचे, ते बाहुलीच्या केसांसारखे दिसत. कपाळाची कड किती खाली आणायची, यावरही डॉक्टरांनी त्याच्याशी वाद घातला. सतराव्या वर्षीची सरळ, खाली आलेली कड पन्नाशीच्या चेहऱ्यावर खोटी दिसते, आणि तिला ग्राफ्ट्सही जास्त लागतात.

पहिले दहा दिवस

रात्री उशा रचून, डोकं उंच ठेवून, उताणं झोपायचं. मानेखाली प्रवासातली गोल उशी ठेवली की लावलेला भाग कशाला घासत नाही. मागच्या बाजूने गुलाबी पाणी झिरपतं, उशीवर जुना टॉवेल टाकावा. पहिले दोन-तीन दिवस दर काही तासांनी सलाइनचा फवारा मारायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचं कपाळ सुजून डोळ्यांपर्यंत आलं. आई घाबरली. ही सूज अपेक्षित असते, भुलीच्या वेळी डोक्याच्या कातडीत भरलेलं पाणी खाली उतरत असतं, पाच-सात दिवसांत ओसरते. घाबरायचं केव्हा? दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, पू आला, ताप आला किंवा त्वचा काळपट पडू लागली, की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. श्वास लागला, अंगावर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, तर थेट इस्पितळ.

प्रत्येक केसाभोवती खपली धरते. खाज सुटते, पण नख लावायचं नाही. डोकं धुताना मगातून हलकं पाणी सोडायचं, शॉवरची धार नको. नवं मूळ पक्कं धरायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. तोवर हेल्मेट नको, म्हणजे दुचाकीच नको. भावाने दोन आठवडे रिक्षाने ऑफिस गाठलं. व्यायामशाळा तीन आठवडे बंद, पोहणं महिनाभर. तेल चोळून मालिश करण्याचा आईचा हट्टही महिनाभर मोडून काढावा लागला. उन्हात सैल टोपी घालायची.

दहाव्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे खपल्या भिजवून बोटांच्या पेरांनी गोल फिरवत काढत होता. न्हाणीघरातून हाक आली, "ताई, गेलं गं सगळं!" तळहातावर खपल्या आणि प्रत्येक खपलीत आखूड केस चिकटलेला. मी भिंग घेऊन बसले. बशीत पाहिलेला तो दुधी, फुगीर कंद कुठेच नव्हता, नुसती केसाची दांडी होती. आणि डोक्यावर रक्ताचा थेंब नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत खरोखर ग्राफ्ट निघून आला तर तिथून रक्त येतं. दांडी गेली होती, मूळ आत होतं.

रिकामे महिने

सगळ्यात जास्त माणसं खचतात ती यानंतर. दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत लावलेले जवळजवळ सगळे केस गळून जातात. धक्क्याने मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि केसाची ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची असते. लावणी झाल्यावर रोपं दोन-चार दिवस पिवळी पडून माना टाकतात, शेतकरी त्यांना उपटून पाहत नाही. इथे मात्र तीन महिने आरसा बघायचा असतो. कधी शेजारचे मूळचे केसही धक्क्याने गळतात आणि डोकं आधीपेक्षा वाईट दिसतं. ते बहुतेक परत येतात. मागची त्वचा बधिर राहते, काही आठवडे, कधी काही महिने.

लग्न ठरलेल्या मुलांना माझं इथे कळकळीचं सांगणं आहे. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि साखरपुड्यानंतर घाईघाईने ट्रान्सप्लांट करून घेणारे बरेच असतात. चार महिन्यांवर लग्न असेल तर मुंडावळ्या बरोबर सगळ्यात रिकाम्या कपाळावर बांधल्या जातील. मुहूर्तापासून वर्षभर मागे मोजा. तेवढा वेळ नसेल तर लग्नानंतर करा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक पुळ्या येतात. काही ठिकाणी त्यातूनच नवा केस वर येत असतो. पहिले केस मऊ, पातळ, थोडे कुरळे असतात. भावाच्या डोक्यावर साडेतीन महिन्यांनी, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं तरच दिसेल अशी लव आली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे सहाव्या महिन्यात फरक जाणवतो, नवव्यात लोक विचारू लागतात आणि खरा निकाल बाराव्या महिन्यात कळतो. टाळूवर लावले असतील तर दीड वर्षही लागतं. सगळे ग्राफ्ट्स रुजतातच असं नाही. चांगल्या हातांनी केलेले बहुतेक रुजतात. कुठे विरळ राहिलं तर दुसऱ्या बैठकीचा विचार वर्षानंतरच करायचा.

या महिन्याला त्याला चौदा महिने झाले. कपाळाचे कोपरे भरले आहेत, टाळूला डॉक्टरांनी हात लावला नाही. फिनास्टराइडची गोळी चालूच आहे, कारण मूळच्या केसांना तिची गरज आहे. ग्राफ्ट्सची संख्या, कुठून काढले, कुठे लावले याचा कागद आम्ही आग्रहाने सही-शिक्क्यासह मागून घेतला. त्यावर २,२१० असा आकडा आहे. पुढेमागे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर मागे किती तरवा उरला आहे, हे त्याला याच कागदावरून सांगता येईल. आईने तो कागद त्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे.